ताईने फुटू न दिलेला कोसा

सुरुवातीलाच माफी मागतो. परीक्षेचा पेपर सोडला तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. आपल्याला हे बोलायची परवानगी आहे की नाही, ही भीती मला सारखी वाटते, आणि ते कोणाला विचारावं हेही कळत नाही. शिवाय मला सांगायचं आहे ते मोबाईलवरच्या एका खेळाबद्दल. त्यात चित्रविचित्र जनावरं पकडायची असतात, पाळायची असतात, लढवायची असतात. असल्या विषयावर मोठ्या माणसांचा वेळ घ्यावा हे मलाच पटत नाही. पण मोठ्या बहिणीबद्दल लिहायला बसलो की तो खेळ मध्ये येतो, आणि खेळाबद्दल लिहायला बसलो की ती येते. दोन-तीनदा वेगळं करून पाहिलं, जमलं नाही. तेव्हा जसं आठवतं तसं लिहितो.

आमचं घर मोहाडीचं, विणकराचं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग, मागच्या पडवीत चूल आणि कोशांच्या टोपल्या. कोसा म्हणजे रानातल्या ऐनाच्या झाडावर किडा स्वतःभोवती जे घर विणतो ते. कबुतराच्या अंड्याहून थोडा मोठा, मातकट रंगाचा, वर देठ. त्यातून धागा निघतो, आणि त्या धाग्याचं कापड बाबा विणायचे.

कोसे आले की पहिलं काम निवडण्याचं. आई प्रत्येक कोसा अंगठ्याने दाबून पाहायची, मग कानाशी नेऊन हलवायची. कडक लागला तर एका टोपलीत, पोचट लागला तर दुसऱ्या. भोक पडलेला असला तर तिसऱ्या. त्या तिसऱ्या टोपलीला आमच्या घरी नाव नव्हतं. ‘त्यातला’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं. आतला किडा पाखरू होऊन बाहेर पडला की कोशाला भोक पडतं, आणि जो धागा सलग निघायचा त्याचे तुकडे होतात. म्हणून पाखरू निघायच्या आत कोसे उकळायचे. किडा आतच मरतो. हे आता लिहिताना मला कसंतरी होतं, पण तेव्हा काही वाटत नव्हतं. शेजारी धान पाखडत, आम्ही कोसे उकळत होतो.

आईच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं तेव्हा निवडण्याचं आणि धागा काढण्याचं काम ताईकडे आलं. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. उकळलेले पाच-सहा कोसे परातीत घ्यायची, त्यांची टोकं शोधायची आणि मांडीवर तळहाताने वळत वळत एक सूत ओढायची. धागा तुटला तर जोड दिसता कामा नये. तिच्या हातून तो फारसा तुटतच नसे. बाबा कौतुक करणारे नव्हते, पण सूत हातात घेऊन ते थोडा वेळ नुसते पाहत बसायचे.

मीही शिकायला बसलो होतो. माझ्या तळहातांना घाम येतो, जन्मापासूनचा. सुताला डाग पडायचे. बाबा म्हणाले होते, “याच्या हातात धागा देला का पाऊस येते.” सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर मला कोणी धाग्याला हात लावू दिला नाही. मी पाणी आणायचो, लाकडं फोडायचो, बाजारात जायचो, आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायचो. मी हुशार होतो म्हणून शिकलो, असं गावात म्हणतात. खरं इतकंच की मी घरच्या कामाचा नव्हतो.

घरात एकच मोबाईल होता, काचेला तडा गेलेला. मी दहावीत असताना आठवडी बाजाराच्या दिवशी तो दुकानात नेऊन कार्डात गाणी भरून घेतली. दुकानदाराने आपल्या मनाने चार खेळही टाकून दिले. त्यात हा एक होता. खेळ इंग्रजीत. ताई तेव्हा बारावीला होती, तिचं इंग्रजी माझ्याहून बरं, तरी डिक्शनरी मांडीवर घेऊनच आम्ही तो उलगडला. गवतात फिरायचं, जनावर दिसलं की त्याला दमवायचं आणि पकडायचं. पकडलेल्यांपैकी फक्त सहा सोबत ठेवता येतात. सातवं पकडलं की कोणाला तरी पेटीत टाकावं लागतं. पेटीतलं जनावर मरत नाही, वाढत नाही, म्हातारंही होत नाही. जसं टाकलं तसं राहतं.

तेव्हा सगळा प्रश्न निवडण्याचा होता. मी एक पाठकोरी वही केली. डावीकडे जनावर, मग त्याची ताकद, चपळाई, किती मार सोसतं ते, आणि शेवटच्या रकान्यात माझा निकाल: कामाचं किंवा बिनकामाचं. दात पुढे आलेला एक उंदीर होता, चपळ, पण दोन फटक्यांत आडवा व्हायचा. बिनकामाचा. चिखलातला एक खेकडा हळू चालायचा, पण त्याची पकड सुटत नसे. कामाचा. एक जाडं घुबड समोरच्याला झोपवायचं, त्यावर आमची आठवडाभर चर्चा चालली. मला हा रकाना लिहायला फार आवडायचं. घरात माझ्या मताला विचारणारं कोणी नव्हतं, आणि इथे मी ठरवत होतो.

ताईची रीत वेगळी होती. ती आकडे पाहायची नाही. जनावर दोन-चार लढायांत उतरवायची आणि मग सांगायची. मी वही दाखवली की म्हणायची, “तू बापा बाजारातल्या दलालावानी करतं. दुरूनच भाव सांगतं.” मी चिडून म्हणायचो, मग तू काय करतेस? ती म्हणायची, “मी दाबून पाह्यतो.”

आमच्याकडे बाया स्वतःबद्दल बोलतानाही कधी कधी असंच पुरुषांसारखं बोलतात, पाह्यतो, करतो. हॉस्टेलला गेल्यावर मुलांनी मला यावरून चिडवलं, तोवर ते वेगळं आहे हे मला माहीत नव्हतं.

त्या खेळात एक अळी होती. पानावर सापडायची, तिला कोणालाही हरवता यायचं नाही. मी तिला पहिल्याच दिवशी बिनकामाची लिहिलं. ताईने ती ठेवली. काही दिवसांनी त्या अळीने स्वतःभोवती कोसा केला. खरंच, अगदी आमच्यासारखा. मातकट, कडक, वर देठ. ताईने मोबाईल आईच्या डोळ्यांशी नेऊन दाखवला. आईला नीट दिसलं नाही, तरी ती हसली.

हा कोसा लढाईत काही करू शकत नव्हता, फक्त आणखी कडक व्हायचा. पण मार सोसायचा. समोरचा थकेपर्यंत सोसायचा, आणि मग बाकीची जनावरं येऊन काम संपवायची. ताई त्याला नेहमी पुढे ठेवायची. मलाही मान्य करावं लागलं. वहीत खोडून लिहिलं: कामाचा.

आता आमची चूक सांगतो. थोडा मोठा झाला की तो कोसा लढाईनंतर पडद्यावर हलायला लागायचा. उजेड व्हायचा, आवाज बदलायचा, आणि तो आतून थरथरायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा ताईने घाबरून दिसेल ते बटण दाबलं. उजेड थांबला. कोसा होता तसाच राहिला. ताईने श्वास सोडला आणि म्हणाली, “वाचला. फुटत होता.”

यात आम्हाला काही चमत्कारिक वाटलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी करडी गावाच्या बाजूने येणाऱ्या कोसेवाल्याने ताजे कोसे आणून दिले होते, आणि आम्ही सगळे एका लग्नाला गेलो म्हणून ते दोन दिवस उकळायचे राहिले होते. परत आलो तर पडवीच्या भिंतीवर मोठी पिवळट तपकिरी पाखरं बसलेली. पंखांवर डोळ्यांसारखे गोल. दिसायला सुंदर होती. पण टोपलीत एकही कोसा धड नव्हता. आई खाली बसली. बाबा मागाकडे गेले आणि नुसते बसून राहिले, कारण विणायला काही नव्हतं. ताई त्या वेळी सोळा वर्षांची होती. लग्नाला जाऊन यायचा हट्ट तिनेच धरला होता. तिने तो प्रसंग मनात ठेवला असावा.

तर जेव्हा जेव्हा तो कोसा हलला तेव्हा तेव्हा ताईने बटण दाबलं. पुढे तो प्रत्येक लढाईनंतर हलायचा. ती न चुकता दाबायची. मोबाईल माझ्या हातात असला तर ओरडून सांगायची, “दाब, बाबू, दाब लवकर.” आणि मीही दाबायचो. आम्हा दोघांपैकी कोणालाही वाटलं नाही की हे थांबवायचं नसतं.

ताई बारावी झाली. गुण चांगले होते. आमच्याकडच्या आरोग्य केंद्रात एक सिस्टर होत्या. आईच्या डोळ्यांसाठी ताई तिथे जायची, आणि एकदा गर्दी होती म्हणून सिस्टरनी तिला पट्टी धरायला सांगितलं. मग म्हणाल्या, तुझा हात थरथरत नाही, तू नर्सिंगला का जात नाहीस? ताई घरी आली ती हे सांगतच आली. मी तिला इतकं बोलताना फार कमी पाहिलं आहे. शिकायला भंडाऱ्याला राहायचं, शेवटी नोकरी. तिने फॉर्म आणला. पाटावर बसून, पेन्सिलने आधी, मग पेनाने भरला. फोटो काढून आणला. त्या फोटोत ती फार गंभीर दिसते.

फॉर्मवर बाबांची सही लागत होती. बाबांनी चार दिवस सही केली नाही. ते वाईट माणूस नाहीत, हे मला लिहायलाच हवं. त्यांच्यापुढे अडचण खरी होती. ताई गेली तर धागा कोण काढणार? आईला दिसत नव्हतं. माझे हात तसे. विकतच्या सुतावर आमचा माग चालणं कठीण होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी मागाजवळून जात होतो. बाबांनी धोटा थांबवला नाही, विणता विणताच विचारलं, “तू शिकून राहिला. तूच सांग. यंदा पाठवाची का पुढच्या सालले?”

मला आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी काही विचारलं होतं. मी लगेच उत्तर द्यायला नको होतं. पण मला वाटलं, विचारलं आहे तर शहाण्यासारखं काही सांगावं. आणि खरं सांगतो, माझ्या डोक्यात तेव्हा वहीच होती. सगळ्यात पुढे राहून जो मार सोसतो त्याला पेटीत टाकत नाहीत. त्याच्या जागी दुसरा तयार होईपर्यंत तरी नाही. असा हिशेब. त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती मी तेव्हा स्वतःलाही सांगितली नाही. ताई गेली तर कदाचित मला अकरावीऐवजी घरी बसावं लागेल, अशी भीती.

मी म्हणालो, “पुढच्या साली पाठवू, बाबा. एका वर्षानं काय होते?”

बाबांनी मान हलवली. ताई पडवीत कोसे उकळत होती. पडवी आणि मागाची खोली यांत फक्त एक कुडाची भिंत आहे. ती बाहेर आली, हात पदराला पुसत, आणि म्हणाली, “बरोबर म्हणते बाबू.” एवढंच. मग परत आत गेली. भरलेला फॉर्म तिने तांदळाच्या डब्यामागे ठेवला.

पुढच्या वर्षी बाबांनी विचारलं नाही. मीही आठवण दिली नाही. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ते फारसं उपयोगी पडलं नाही, आणि त्या धावपळीत तारीख निघून गेली. आता असं लिहितो, पण तारीख मला माहीत होती.

बारावी होऊन मी भंडाऱ्याला कॉलेजात आलो. समाजाच्या हॉस्टेलात जागा मिळाली. मोबाईल घरीच राहिला, ताईजवळ. तिने खेळ चालू ठेवला होता. कोसे उकळायला वेळ लागतो, तेवढ्यात खेळायची. रविवारी मी खोलीतल्या मुलाच्या मोबाईलवरून घरी बोलायचो. आईशी दोन मिनिटं, बाबांशी अर्धं मिनिट, आणि उरलेला वेळ ताई. ती सांगायची की अमुक डोंगरापर्यंत पोचले, तिथला पहारेकरी हरत नाही. मी वही सोबत आणली होती. त्यात पाहून सांगायचो, खेकडा काढ, घुबड घाल. ती म्हणायची, “कोशाले नाही काढत मी.”

एकदा त्या खोलीतल्या मुलाने आमचं बोलणं ऐकलं. तो नागपूरचा, हा खेळ त्याने लहानपणीच संपवला होता. फोन ठेवल्यावर त्याने विचारलं की कोशाचं काय चाललंय. मी सांगितलं, हलायला लागला की आम्ही बटण दाबतो. त्याला आधी कळलंच नाही. मग तो इतका हसला की बाजूच्या खोलीतली मुलं आली. त्याने त्यांनाही सांगितलं. कोसा म्हणजे मधला टप्पा असतो, तो म्हणाला. त्यातून पाखरू निघतं. पाखरू उडतं, विषारी भुकटी टाकतं, त्या डोंगरावरच्या पहारेकऱ्याला एकटं लोळवतं. सगळा खेळ त्या पाखरासाठी आहे. “तीन साल से दबा रहे हो बटन?” असं म्हणून तो पुन्हा हसला. मुलगा वाईट नव्हता. संध्याकाळी त्याने मला चहा पाजला.

मी हसण्यात सामील झालो, सवयीने. नंतर नळावर तोंड धुताना मला तांदळाच्या डब्यामागचा फॉर्म आठवला. मला खेळाचं काही वाटत नव्हतं.

पुढच्या रविवारी ताईला सांगितलं. मागे चुलीचा आवाज येत होता. ती म्हणाली, “पाखरू निंगालं त मंग कोसा कोणत्या कामाचा राह्यला?”

मी म्हणालो की खेळात कोसा कामाचा नसतोच, पाखरूच कामाचं असतं.

“असं काहून?” तिने विचारलं. तक्रार नव्हती त्यात. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हणालो, असंच बनवलंय त्यांनी.

त्या आठवड्यात मी नर्सिंगचा नवीन फॉर्म आणला. कोणाला न विचारता. मला वाटलं, एक चूक केली ती आता दुरुस्त करतो. बाबांना फोनवर सांगितलं, या वेळी पाठवायचंच. बाबा म्हणाले, “तुले बरं वाटते त पाठव.” इतकं सोपं होतं ते. दोन वर्षांपूर्वीही इतकंच सोपं असतं का, हा विचार मी अजून पुरता करू शकलेलो नाही. ताईला मोहाडीच्या तहसीलमधून दोन दाखले लागत होते, तिने तीन चकरा मारून ते काढले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिने सगळी मूळ कागदपत्रं घेऊन भंडाऱ्याला यायचं, मी स्टँडवर थांबायचं, दोघांनी मिळून फॉर्म द्यायचा, असं ठरलं. कागदपत्रं तिच्याजवळ होती, आणि ती दाखवल्याशिवाय फॉर्म घेत नव्हते.

मी सकाळी नऊपासून स्टँडवर होतो. तुमसरकडून येणारी प्रत्येक एसटी पाहिली. साडेअकरा वाजता शेजारच्या चहावाल्याकडून घरी फोन केला. ताईने उचलला.

“कोसे आले रे बाबू,” ती म्हणाली. “ताजे हायेत. कोसेवाल्याले उशीर झाला, आजच फुटतीन असे हायेत. आईले एकटीले नाही होत. थोडे उकळून दोनच्या गाडीनं निंगतो.”

दोनची गाडी भंडाऱ्याला पोचेपर्यंत फॉर्म घेण्याची खिडकी बंद होणार होती, हे तिला माहीत होतं. मलाही. बाबा तिला जा म्हणत होते, असं आईने मागाहून सांगितलं. ती गेली नाही. टोपलीतल्या कोशांना कान लावला की आतून खरवडल्याचा आवाज येतो, पाखरू निघायच्या आधी. तो आवाज ऐकून उठून जाणं तिला जमलं नाही.

मी तेव्हा समजून घ्यायला हवं होतं. मी तसल्याच घरात वाढलो होतो. पण अडीच तास उन्हात उभं राहून माझं डोकं गेलं होतं, आणि थोडं असंही की माझी दुरुस्ती वाया गेली होती. मी म्हणालो, “तुले जायचंच नाही कुठी. तू त्या टोपलीपाशीच राह्य जन्मभर.”

चहावाला माझ्याकडे पाहत होता. मी फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी ताई फोनवर आली नाही, आई म्हणाली ती न्हायला गेली आहे. त्यानंतर कधी आली, कधी नाही. आली की विचारायची, जेवलास का, परीक्षा कधी आहे. खेळाचं नाव काढत नसे. मी एकदा विचारलं, डोंगर चढलीस का? ती म्हणाली, मोबाईल आता फार गरम होतो, खेळ काढून टाकला. मी माफी मागायची ठरवायचो, पण दर वेळी आई जवळ असायची, किंवा मला तसं वाटायचं. दिवाळीत घरी गेलो तेव्हा तिने माझ्यासाठी अनरसे केले होते. माझे कपडे धुऊन, घडी करून पिशवीत भरले. मी म्हणालो, पुढच्या वर्षीचा फॉर्म मी आधीच आणून ठेवतो. ती म्हणाली, “आण.” तिचं लक्ष परातीकडे होतं. मला वाटलं, अजून एक संधी आहे, आणि त्या भरवशावर मी परत आलो.

परीक्षा माघात संपली. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी मी घरी फोन लावला, गाडी कधी आहे ते सांगायला. आईने उचलला. ती आनंदात होती. म्हणाली, बरं झालं सुटली तुझी परीक्षा, आता कामाला माणूस पाहिजे. मी विचारलं, कशाच्या? ती म्हणाली, मांडवाच्या.

मग तिने सगळं सांगितलं, मला आधीच माहीत आहे असं धरून. मुलाकडची माणसं तुमसरच्या पुढची, बपेरा गावाच्या बाजूची. मध्यप्रदेशची हद्द जवळ. घरात तीन माग आहेत, धागा काढणारी सासू आता म्हातारी झाली. पाहायला आले तेव्हा सासूने चहा बाजूला ठेवला आणि म्हणाली, पोरीला एक कोसा काढायला सांगा. आमच्यात जुनी माणसं असं पाहतात. ताईने परात घेतली, सगळ्यांसमोर बसली आणि एक अख्खा कोसा काढला. धागा एकदाही तुटला नाही. सासूने ते सूत दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं आणि तिथेच हो म्हटलं.

“पोराकडं त पाह्यलं बी नाही तिनं,” आई हसत म्हणाली. “हातच पाह्यले ताईचे.”

मी विचारलं, ताई काय म्हणाली? आई म्हणाली, ती पण हो म्हणाली, तिला कोणी जबरदस्ती केली नाही. बाबांनी दोनदा विचारलं, तो भंडाऱ्याचा फॉर्म भरायचा का, तर म्हणाली, आता राहू द्या.

हे कधी झालं, मी विचारलं. आईने दिवस मोजले. संक्रांतीच्या आधी. म्हणजे महिना होऊन गेला होता. मधल्या चार-पाच रविवारी मी घरी बोललो होतो. दोनदा ताईशी बोललो होतो.

“आमी सांगतच होतो तुले,” आई म्हणाली. “तिनंच म्हटलं, परीक्षा हाये त्याची, बाबूले मी सांगीन. सांगतलं ना तिनं?”

मी म्हणालो, “हो. सांगितलं.”

“मंग ये आता,” आई म्हणाली. “पुढच्या बुधवारी हळद हाये.”